घरात कित, शाळेत कोत

मुलाचं लग्न ठरल्याचं पुण्याला कळवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मोठ्या जाऊबाईंचा फोन आला.

"मुलगी कुठली गं?"

"इथलीच. जर्मनीत जन्मली, इथेच वाढली."

"ते झालं. पण मूळची कुठली?"

"रशियाकडची आहेत ती माणसं," मी म्हणाले आणि कुकर उतरवायचाय असं सांगून फोन ठेवला. मुलगा समोर पोळी खात बसला होता. त्याला मराठी सगळं कळतं, पण बोलतो जर्मनमध्ये. तो म्हणाला, तसं नाहीये ते, आई. मी विचारलं, मग कसं आहे? त्याने घास गिळला आणि खांदे उडवले. "अवघड आहे," एवढंच म्हणाला.

आम्हाला लुडविग्सहाफेनमध्ये एकोणतीस वर्षं झाली. मी इथल्या मोठ्या केमिकल कारखान्यात लॅबमध्ये काम करते आणि हे ऱ्हाइनच्या पलीकडे, मानहाइमला, एका इंजिनाच्या कारखान्यात आहेत. मुलगा कायझर्सलाउटर्नला शिकायला होता, तिथेच ही मुलगी त्याला भेटली. लॅबमध्ये माझं काम म्हणजे आलेल्या नमुन्यात काय आहे आणि किती आहे ते शोधून कागदावर लिहायचं. एका बाटलीला एकच लेबल लागतं. दोन लागली तर कुठेतरी चूक झाली असं आम्ही धरतो. या सवयीमुळे पुढचं सगळं मला जास्त जड गेलं असावं.

मुलीच्या घरी आम्ही पहिल्यांदा गेलो ते ओगर्सहाइमला, एका उंच इमारतीत पाचव्या मजल्यावर. घरात तिघीच. मुलगी, तिची आई म्हणजे आमच्या होणाऱ्या विहीणबाई, आणि मुलीची आजी. वडील फार पूर्वी वेगळे झालेले. विहीणबाई वृद्धाश्रमात नर्सचं काम करतात, आवाज करडा, केस घट्ट बांधलेले. आजी चौऱ्याऐंशीच्या, बुटक्या, डोक्याला रुमाल. त्या मला बघून उभ्या राहिल्या, माझे दोन्ही गाल दाबले आणि काहीतरी म्हणाल्या. त्यात 'स्वाखा' असा शब्द होता.

"स्वाखा नाही, आई, स्वात्या," विहीणबाईंनी मध्येच दुरुस्त केलं. मग जर्मनमध्ये मला समजावलं, "रशियन भाषेत मुलीच्या सासूला स्वात्या म्हणतात. स्वाखा म्हणजे लग्नं जमवणारी बाई. आई कायम चुकीचं बोलते."

मी म्हटलं, "आमच्याकडे विहीण म्हणतात."

आजींनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि पुन्हा मला स्वाखाच म्हणाल्या. मग मी त्यांना काय म्हणायचं असा प्रश्न आला. विहीणबाई म्हणाल्या, बाबुश्का म्हणा, म्हणजे आजी. आजी मान हलवून म्हणाल्या, "बाबा. फक्त बाबा." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. आमचे बाबा जाऊन अकरा वर्षं झालेली, आणि आता रुमाल बांधलेल्या या म्हाताऱ्या बाईला बाबा म्हणायचं. मी मनातल्या मनात त्यांना आजीच म्हणायचं ठरवलं.

भिंतीवर एक फोटो होता. लांब झगा, छातीवर काडतुसांचे खण शिवलेले, कमरेला खंजीर, डोक्यावर लोकरी टोपी असा एक मिशीवाला माणूस. आजींचे आजोबा. "आम्ही कुबानचे कोसॅक," विहीणबाई अभिमानाने म्हणाल्या. कुबान ही कॉकेशसच्या पायथ्याची नदी, काळ्या समुद्राच्या बाजूला. कोसॅक म्हणजे सीमेवर राहणारी घोडेस्वार माणसं. राजाने जमीन द्यायची, त्यांनी घोडा-हत्यार आपलं घेऊन लढाईला जायचं. ह्यांनी लगेच मराठीत मला सांगितलं, "म्हणजे आपले शिलेदार." मला बरं वाटलं, काहीतरी ओळखीचं सापडलं.

"आल्झो, म्हणजे तुम्ही रशियन," मी विहीणबाईंना म्हटलं.

"अर्थात."

आजींनी टेबलावर पडलेला पावाचा तुकडा उचलून बशीत ठेवला.

मग त्या जर्मनीत कशा आल्या, तर आजींचे यजमान जर्मन वंशाचे. त्यांचे पूर्वज कधीकाळी तिकडे शेती करायला गेलेले. दुसरं महायुद्ध तिकडे पोचल्यावर सोव्हिएत सरकारने त्या सगळ्यांना उचलून कझाकस्तानात नेऊन टाकलं. मोठं झाल्यावर ते कुबानला परतले, ट्रॅक्टर दुरुस्त करायला लागले, आजींशी लग्न केलं. सोव्हिएत देश मोडल्यावर जर्मन वंशाचे म्हणून सगळं कुटुंब इकडे आलं. म्हणजे तिथे जर्मन म्हणून शिक्षा झाली आणि इथे आल्यावर शेजारी त्यांना रशियन म्हणायला लागले. परतताना मी ह्यांना गाडीत विचारलं, "अहो, जाऊबाईंना नक्की काय सांगायचं?" ते म्हणाले, "रशियनच सांग. पुण्यात कोण तपासायला बसलंय."

साखरपुडा आम्ही आमच्या घरी केला, मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी. पंधराएक माणसं. त्यात मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना बोलावलं. या बाई युक्रेनमधल्या खार्किवजवळच्या एका गावातून युद्धामुळे आलेल्या. वय साठच्या आसपास, तिकडे प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. एकट्या राहतात. मुलगा तिकडे सैन्यात. ट्रेपेनहाउसमध्ये, म्हणजे जिन्यात, भेट झाली की त्या मला त्यांच्या जर्मन धड्यातलं एखादं वाक्य म्हणून दाखवायच्या, मी दुरुस्त करायचे. मी त्यांचा नोकरीचा फॉर्म भरून देताना त्यांनी कधीतरी सांगितलं होतं की त्यांचाही मुलूख कोसॅकांचा. मला वाटलं, किती छान, दोघींना बोलायला होईल.

हा माझा मूर्खपणा होता, दुसरा शब्द नाही.

अंगठ्या घालून झाल्या, पेढे वाटले. आजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून नातीला काहीतरी सांगत होत्या. वरच्या बाई पाण्याचा ग्लास घेऊन जवळून गेल्या आणि थबकल्या. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मी तो पूर्वी कधी पाहिला नव्हता. त्या आजींच्या पायाशी जवळजवळ बसल्याच आणि भरभर बोलायला लागल्या. आजी उत्तर देत होत्या. दोघी हसल्या. मी शेजारी उभ्या होणाऱ्या सुनेला विचारलं, काय चाललंय. ती जर्मनमध्ये कुजबुजली, "त्या विचारतायत, तुम्ही कुठून आलात, किती सुंदर युक्रेनी बोलता."

तेवढ्यात विहीणबाई आल्या. "माझी आई युक्रेनी बोलत नाही," त्या म्हणाल्या. हे त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, सगळ्यांना कळावं म्हणून. "ती आमची कुबानी बोली आहे. गावठी रशियन."

"मी तीस वर्षं मुलांना युक्रेनी शिकवलं," वरच्या बाई मोडक्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "मला ओळखता येतं. यांचे पूर्वज नीपर नदीवरून गेले. आमचे लोक."

"तुमचे नाहीत!"

मग त्या दोघी आपापल्या भाषेत सुरू झाल्या आणि एकमेकींचं सगळं समजत असल्यामुळे ते भांडण फार जलद वाढलं. सून मला तुकड्यातुकड्यांनी सांगत होती, मग तिने सांगणं थांबवलं. शेवटचं मला नंतर कळलं. वरच्या बाई म्हणाल्या होत्या, माझ्या शाळेचं छप्पर तुमच्या लोकांनी उडवलं. आणि विहीणबाई म्हणाल्या होत्या, माझ्या मावसभावाचा मुलगा तिकडे पडलाय, त्याला कोणी मारलं? आमच्या मराठी मित्रमंडळींना काहीच कळत नव्हतं. एका वहिनींनी प्रसंग सावरायला म्हणून जिलबीची थाळी पुढे केली, ती कुणी घेतली नाही. वरच्या बाईंनी ग्लास खिडकीत ठेवला आणि जिना चढून गेल्या.

आजी एवढंच म्हणाल्या, आणि तेही जर्मनमध्ये, मला उद्देशून, "मी यांचीही नाही, त्यांचीही नाही. मी कुबानची." आणि मग पेढा खाल्ला.

पुढचे पंधरा दिवस मी जरा वेडी झाले. मुलाला विचारलं, इंटरनेटवर वाचलं, शहराच्या ग्रंथालयातून एक जाड जर्मन पुस्तक आणलं. जे हाती लागलं ते असं. आजच्या युक्रेनमधल्या नीपर नदीच्या काठी कोसॅकांचा एक तळ होता. कधी पोलंडच्या राजाशी करार, कधी रशियाच्या झारशी, कधी तुर्कांशी भांडण, कधी त्यांच्याशीच दोस्ती. मग रशियाच्या सम्राज्ञीला ते डोईजड झाले, तिने तळ मोडला. आणि काही वर्षांनी त्याच लोकांना कुबानवर जमीन दिली, डोंगरातल्या लोकांपासून सीमा राखायला. ते बायकामुलं, गाड्या घेऊन गेले. त्या जमिनीवर आधी राहणारी माणसं होती, त्यांचं काय झालं ते पुस्तकात पुढच्या प्रकरणात होतं आणि वाचवत नव्हतं. मग साम्राज्य कोसळलं तेव्हा दोनेक वर्षं कुबानचं स्वतःचं सरकार होतं, स्वतःचा झेंडा. त्या सरकारातही निम्मे युक्रेनकडे ओढणारे, निम्मे रशियाकडे. मग लाल सैन्य आलं. त्यांनी आधी शाळांमधून युक्रेनी शिकवायला सुरुवात केली आणि मग एका हिवाळ्यात, धान्य जप्त होऊन गावंच्या गावं उपाशी मरत असताना, ते शिकवणं एकाएकी बंद केलं.

मी हे सगळं एका कागदावर उतरवलं आणि शेवटी रेघ मारून 'म्हणजे कोण?' असं लिहिलं. ह्यांनी कागद वाचला, म्हणाले, "हे तर भालकीसारखं झालं."

भालकी म्हणजे माझ्या आईचं माहेर, बीदरजवळ. आई लहान असताना तिथे निजामाचं राज्य. ती चौथीपर्यंत उर्दूतून शिकली, पाढे शेवटपर्यंत उर्दूत म्हणायची. मग हैदराबाद स्टेट, मग मैसूर, मग कर्नाटक. घर तेच, पत्त्याची खालची ओळ बदलत गेली. पुण्यात सासरी कोणी "तुम्ही कानडी ना?" म्हटलं की आई चिडायची. आणि भालकीला गेली की भाजीवालीशी इतकं झरझर कानडी बोलायची की आम्ही बघत राहायचो. मला कधीच प्रश्न पडला नव्हता की आई कोण. आई म्हणजे आई. पण आईच्या सीमेवर कुणी शाळेचं छप्पर उडवत नव्हतं, हाही फरक होताच. ह्यांना मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणून तू यात पडू नकोस."

मी पडले.

आजींसाठी एक शाल आणली होती, ती द्यायला मी एका संध्याकाळी ओगर्सहाइमला गेले. विहीणबाई कामावर होत्या. आजींनी चहा केला, शाल बाजूला ठेवली आणि माझा हात धरून मला स्वयंपाकघराच्या आतल्या कोपऱ्यात नेलं, जसं कुणी ऐकेल अशी भीती असावी. तीस वर्षं इथे राहूनही त्यांचं जर्मन तुटक आहे.

"तुझी वरची बाई. वाचते ती? हाताने लिहिलेलं?"

"शिक्षिका होत्या. वाचत असतील. का?"

त्यांनी पिठाच्या डब्यामागून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत एक शाळेची वही, कव्हर तपकिरी पडलेलं, कडा उंदरांनी कुरतडल्यासारख्या. "माझ्या आईची. शाळेतली. मला अक्षर लागत नाही, डोळे गेले. मुलीला म्हटलं तर म्हणते फेकून दे. नातीला हाताचं अक्षर येत नाही."

"काय आहे यात?"

"माहीत नाही. आईने मरताना दिली. म्हणाली, आता वाचलीस तरी चालेल." त्यांनी पिशवीवरून हात फिरवला. "लहानपणी आई मला सांगायची, मांजराला घरात आपल्या बोलीतलं कित म्हण, शाळेत रशियन कोत म्हण. चुकून उलट झालं तर मारायची. घरात कोत म्हटलं तरी मारायची."

मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं, फोटोच्या दिशेने. आजींचे वडील लाल सैन्यात जाऊन मेले. सख्खा काका मात्र जर्मन सैन्य कुबानला आलं तेव्हा पुन्हा तो लांब झगा चढवून त्यांच्याबरोबर घोड्यावर बसला, त्यांच्यासोबतच पश्चिमेला गेला, परत आला नाही. त्याचा फोटो नाही. "आई दोघांसाठी मेणबत्ती लावायची," त्या म्हणाल्या. "वेगवेगळ्या दिवशी."

"मुलीला सांगू नकोस," त्यांनी बजावलं.

वरच्या बाईंना विचारायला मी तीनदा जिना चढले आणि दोनदा परत आले. तिसऱ्यांदा दार वाजवलं. त्यांनी ऐकून घेतलं. "नाही," म्हणाल्या. "मला त्या घराशी काही करायचं नाही." मी वळले. पाठीमागून आवाज आला, "कोणत्या काळची वही आहे?" मी म्हटलं, शाळेत युक्रेनी होतं तेव्हाची. त्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. "आणा," म्हणाल्या. "गुरुवारी."

विहीणबाईंना मी सांगितलं की आजींना माझ्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते. आयुष्यात मी इतकं सहज खोटं पूर्वी बोलले नव्हते.

गुरुवारी दुपारी आजींना धरून वर नेलं. वरच्या बाईंचं घर म्हणजे एक खोली, टेबलावर मेणकापड. दोघींनी एकमेकींना मान लववली, बाकी काही नाही. बाईंनी चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं. जांभळी शाई. त्या वाचायला लागल्या आणि मला थोडक्यात जर्मनमध्ये सांगत गेल्या. हिवाळा आला. कोंबड्या खुराड्यात बसल्या. आजोबा विहिरीवर गेले. शुद्धलेखन होतं ते.

"इथे चूक आहे," बाई बोट ठेवून म्हणाल्या. त्यांना राहवलं नाही. "आणि इथेही."

"आई ढ होती," आजी म्हणाल्या आणि खुदखुदल्या. पान उलटेल तशा त्या जास्त हसायला लागल्या, कारण एकेक शब्द ऐकून त्या म्हणत होत्या, हा, हा आईचा शब्द! हा असा लिहितात होय? चौऱ्याऐंशी वर्षं जी भाषा तोंडात होती ती त्यांनी कधी कागदावर पाहिली नव्हती. बाईही मऊ झाल्या. त्यांनी चहा ठेवला. मला वाटलं, चला, चांगलं झालं.

मधली बरीच पानं कोरी होती. शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, अक्षर तेच पण मोठ्या माणसाचं झालेलं. बाई दोन ओळी वाचून थांबल्या.

"वाच," आजी म्हणाल्या.

"हा अर्ज आहे. अर्जाचा कच्चा मजकूर."

"वाच."

त्यांनी वाचलं, मग माझ्यासाठी सांगितलं. गावच्या कचेरीला विनंती. माझी आणि माझ्या दोन मुलांची नोंद युक्रेनी अशी झालेली आहे, ती चुकीने झालेली आहे. आम्ही युक्रेनी नाही. आमची नोंद रशियन अशी करून घ्यावी. हे सगळं युक्रेनीत लिहिलेलं. दोन ठिकाणी शब्द खोडून वर रशियन शब्द लिहायचा प्रयत्न केलेला, तोही चुकलेला.

मग बाई हळू म्हणाल्या, "बघा. तुम्ही आमच्याच होतात." आणि म्हणाल्याबरोबर त्यांना ते आवडलं नाही असं दिसलं, त्यांनी चष्मा काढून पुसला.

आजींचं त्याकडे लक्षच नव्हतं. "किती मुलं?"

"दोन."

"पुन्हा वाच."

"माझ्या दोन मुलांची. नावंही आहेत." बाईंनी नावं वाचली. पहिलं आजींच्या मोठ्या बहिणीचं होतं, ती त्यांना माहीत होती, दहा वर्षांपूर्वी तिकडे वारली. दुसरं एका मुलाचं होतं.

"असा कोणी नव्हता," आजी म्हणाल्या.

"लिहिलंय. वय एक वर्ष."

"मला भाऊ नव्हता." त्यांनी वही ओढून घेतली, डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, मग खाली ठेवली. "त्या हिवाळ्यात," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्या हिवाळ्यात." बाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. तो त्यांनी काढून टाकला नाही.

परतताना गाडीत मी एकच गोष्ट विचारली, की आईने तो अर्ज दिला असेल का. आजी म्हणाल्या, "दिला असेल. माझ्या जुन्या सोव्हिएत पासपोर्टात वंश रशियन लिहिलाय ना." बाहेर कारखान्याच्या पाइपांची रांग संपत नव्हती. मग त्या म्हणाल्या, "पण मुलगा तरीही गेला." मला हे वाक्य नीट कळलं की नाही, अजून सांगता येत नाही. अर्ज उशिरा झाला असं त्यांना म्हणायचं होतं, की अर्जाचा काही उपयोग झाला नाही, की आई कोणीही असती तरी मूल गेलंच असतं?

डोळ्यांच्या डॉक्टरचं खोटं चार दिवस टिकलं. विहीणबाईंचा फोन आला. "तुम्ही माझ्या आईला कुठे नेलं होतं?"

मी सगळं सांगितलं. आजींनी घरी बोलून टाकलंच होतं. अर्जाचं ऐकून विहीणबाई म्हणाल्या, "बघा. माझ्या आजीने स्वतः लिहून दिलंय. आम्ही रशियन." मला वाटलं, हसावं की काय करावं. एकच कागद, आणि दोघींना त्यात आपापलंच दिसलं होतं. मग त्या म्हणाल्या, "आणि पुन्हा माझ्या घरात मला न विचारता हात घालू नका." हे त्यांचं बरोबर होतं, मी माफी मागितली. मुलाविषयी, म्हणजे त्यांच्या त्या मामाविषयी, त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

जुलैमध्ये लग्न झालं. सकाळी श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणी कचेरीत, सह्या, दुपारी मानहाइमच्या एका हॉलमध्ये अंतरपाट. पुण्याहून जाऊबाई आल्या होत्या. त्यांना आजी फार आवडल्या, दोघी एकमेकींचे हात धरून आपापल्या भाषेत बोलत बसल्या. विहीणबाई माझ्याशी सभ्यपणे वागल्या. वरच्या बाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जिन्यात म्हणाल्या, "मला जमलं नसतं. तुमच्या विहिणीसमोर नाही." पण गुरुवार मात्र सुरू राहिले. आता आजींना तिकडे सून नेऊन सोडते. कधी दोघी चहा पितात, कधी भांडतात. एकदा सूनबाई त्यांना आणायला गेली तर दोघी पाठ फिरवून बसल्या होत्या आणि रेडिओ लावलेला होता.

नोव्हेंबर लागताना विहीणबाईंनी मला फोन केला. शनिवारी मानहाइमच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये येता का म्हणून विचारलं. त्यांच्यात शरद ऋतूत एक शनिवार गेलेल्यांसाठी असतो, आपल्या सर्वपित्रीसारखा. नावांची चिठ्ठी द्यायची, पाद्री ती वाचतो. "आईला तुम्ही हव्या आहात," त्या म्हणाल्या. थोडं थांबून, "मलाही चालेल."

चर्च लहान होतं, मेणाचा वास आणि ओल्या कोटांचा. दाराशी एक बाई मेणबत्त्या आणि चिठ्ठ्या देत होती. आजींनी वही पिशवीतून बरोबर आणली होती. विहीणबाईंनी चिठ्ठीवर नावं लिहायला सुरुवात केली. त्यांचे आजोबा, आजी, वडील, मावशी. पाचवं, वहीतल्या त्या मुलाचं, नाव त्यांनी लिहिलं तेव्हा आजी म्हणाल्या, हे नाही.

"हेच नाव आहे, आई. रशियनमध्ये असंच लिहितात."

आजींनी पेन घेतलं. वहीचं शेवटचं पान उघडून टेबलावर ठेवलं आणि एकेक अक्षर बघत, श्वास धरून, आईने लिहिलं होतं तसं खाली लिहिलं. फार वेळ लागला. मागे रांग लागली होती. विहीणबाई त्या पानाकडे बघत राहिल्या. त्यांनी ते पहिल्यांदाच पाहिलं असावं. त्यांचा हात आईच्या पाठीवर गेला.

दाराशी बसलेल्या बाईने चिठ्ठी घेतली, चष्म्यावरून पाहिलं आणि मान हलवली. बरोबर आलेली सून माझ्या कानाशी सांगत होती. ती बाई म्हणत होती की ही दोन्ही रूपं चालणार नाहीत. दोन्ही रोजच्या बोलण्यातली आहेत. चर्चच्या यादीत हे नाव वेगळं आहे, बारशाचं नाव तसं लिहावं लागतं. तिने चिठ्ठीवर तिसरं नाव लिहिलं, जे पहिल्या दोघांशी मला तरी कुठेच जुळताना दिसलं नाही.

"मग आता कुठलं खोडू?" तिने विचारलं.

आजींनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाई खाली बघत होत्या. मी तर आमच्याकडचं आठवत उभी होते, की ज्यांची तिथी माहीत नाही, नाव माहीत नाही, त्यांच्यासाठीही आपण पान वाढतो, मग इथे का अडतंय. पण ते सांगायला मला कोणत्याच भाषेत जमलं नाही.

"काही खोडू नको," आजी म्हणाल्या.

"पण मग पाद्रीबाबा तीन नावं वाचतील. तीन माणसं होतील."

"होऊ देत," आजी म्हणाल्या आणि मेणबत्त्यांकडे वळल्या. त्यांनी तीन घेतल्या. एक विहीणबाईंच्या हातात दिली, एक स्वतःकडे ठेवली आणि तिसरी घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी ती घेतली. वाळूच्या तबकात ती नीट उभी राहीना, मला दोनदा खोचावी लागली.